सर्वांत जुन्या यंत्राची बाजू

मी ज्या माणसाचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्याचं नाव याकूब मोमीन. आई-वडिलांनी मला शिकवलं हे खरं, पण शिकलेल्याचं पुढे काय करायचं हे त्या दोघांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वडील सटाण्याच्या बाजारात हमाली करायचे. आई सही करायला शिकली ती माझ्या दहावीच्या फॉर्मवर. कॉम्प्युटर विषय घेऊन नाशिकला बी.एस्सी. झालो तेव्हा घरात पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनी विचारलं, "मग आता तू नेमकं करणार काय?" त्याचं उत्तर मला मोमीन सरांनी दिलं, तेही हातात स्क्रूड्रायव्हर देऊन.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या छपराची एक छोटी कंपनी होती. पंधरा-सोळा माणसं. द्राक्षांच्या शीतगृहांसाठी तापमान मोजणारी यंत्रं आम्ही बनवायचो. शीतगृहातल्या कॉम्प्युटरवर आमचा प्रोग्राम चालायचा, तो दर मिनिटाला तापमान नोंदवायचा आणि ते वाढलं की घंटा वाजवायचा. हा प्रोग्राम लिहिणारे मोमीन सर. मी मुलाखतीला गेलो तेव्हा इस्त्रीच्या शर्टात, इंग्रजीत पाठ केलेली स्वतःची ओळख घेऊन बसलो होतो. सर आत आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. मी उभा राहून "गुड मॉर्निंग सर, माय नेम इज" एवढं म्हणेपर्यंत त्यांनी टेबलावरच्या एका पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"हा उघड. आत प्रोसेसर कोणता आहे ते वाचून सांग."

तीन वर्षांत मी कॉम्प्युटर कधी आतून पाहिला नव्हता. कॉलेजात झाकणाला हात लावायची परवानगी नव्हती. एक स्क्रू घरंगळत टेबलाखाली गेला. सरांनी चहाची बशी रिकामी केली आणि माझ्यापुढे सरकवली. "यात ठेव. स्क्रू हरवला की यंत्र रुसतं." मी धूळ फुंकून अक्षरं वाचली, "चारशे शहाऐंशी."

"कुठला रे तू?"

"सटाण्याकडचा, सर."

"मग असं बोल ना. आम्ही मालेगावचे!" आणि एकदम अहिराणीत, साऱ्या छपराला ऐकू जाईल अशा आवाजात, "कसं शे? बरं शे ना?"

जोडणीच्या टेबलावर सोल्डरिंग करत बसलेल्या सिंधूताईंनी मान वर न करता म्हटलं, "सर, नाशिक रोडपर्यंत ऐकू गेलं."

सरांचा आवाज हा कंपनीतला रोजचा विनोद होता. त्यांचे वडील यंत्रमाग चालवायचे. घरात सोळा माग, चोवीस तास खडखडाट. "आमच्या घरात हळू बोलणाऱ्याला उपाशी राहावं लागायचं," असं ते सांगत. "कारण आईला 'भाकर दे' ऐकूच जायचं नाही." फोनवर तर ते इतक्या मोठ्यानं बोलत की सिंधूताई म्हणायच्या, "सरांना फोन कशाला लागतो? नुसती खिडकी उघडली तरी चालेल."

मला कामावर घेतलं, पण एक वर्ष उमेदवारीवर. वर्षअखेर काम पाहून कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. घरी मी ही गोष्ट सांगितली नव्हती.

सरांच्या खोलीत भिंतीला लागून सहा जुने कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले होते. सहा वेगवेगळ्या काळांतले, सहा वेगवेगळे प्रोसेसर. सर्वांत जुन्याचं नाव त्यांनी 'नाना' ठेवलं होतं, त्याच्या शेजारची 'आक्का'. नाना सुरू व्हायला इतका वेळ लागे की तेवढ्यात सरांचा नमाज पढून होई. कुठलाही नवा प्रोग्राम तयार झाला की तो नव्या मशीनवर चालतो का हे ते पाहतच नसत. म्हणत, "तिथं चालणारच. तिथं चालला नाही तर तू घरीच जा." तो आधी नानावर चालवायचा, मग आक्कावर, मग पुढच्यांवर. सहाही ठिकाणी चालला तर फ्लॉपीत भरायचा. फ्लॉपीसोबत एक पत्रक जाई. कंपायलरला कोणती आज्ञा देऊन हा प्रोग्राम तयार केला, ती ओळ जशीच्या तशी त्यावर हातानं लिहायची आणि खाली सरांची सही.

कंपायलर म्हणजे काय हे इथे थोडं सांगायला हवं. आपण लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरला कळत नाही. कंपायलर तो प्रोसेसरच्या भाषेतल्या आज्ञांमध्ये बदलतो. पण प्रोसेसरांचीही कुळं असतात. जुन्यांना ज्या आज्ञा कळतात त्या नव्यांना कळतात. नव्यांना मात्र काही जास्तीच्या आज्ञा येतात, ज्या जुन्यांनी कधी ऐकलेल्याच नसतात. म्हणून कंपायलरला आधी सांगावं लागतं की बाबा, तू कोणासाठी लिहितोयस. हे सांगायचे जे पर्याय असतात, ते सरांनी मला महिनाभर रोज एक याप्रमाणे शिकवले. कंपायलरची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेली, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेली. मी दुपारच्या चहापर्यंत एक पर्याय वाचायचा आणि वहीत मराठीत दोन ओळींत लिहायचा. सर तिसरी ओळ खोडून टाकत. पहिल्या दिवशी माझी साडेचार ओळींची मराठी वाचून ते म्हणाले, "तुला कळलं नाही म्हणून इतकं लांब झालं. परत वाच."

त्यातले दोन पर्याय त्यांनी मला तीनदा लिहायला लावले. एकाचं नाव 'एम-सीपीयू', दुसऱ्याचं 'एम-आर्च'. माझी शेवटची, पसंत पडलेली मराठी अजून त्या वहीत आहे. पहिल्यापुढे लिहिलंय, 'नव्या प्रोसेसरला सोयीचं पडेल असं काम मांड, पण कळायला सगळ्यांना कळलं पाहिजे.' दुसऱ्यापुढे, 'फक्त नव्यासाठीच लिही, जुन्याला कळलं नाही तरी चालेल.'

"आणि दोन्हींत फरक दिसतो कुठं?" सरांनी विचारलं.

"जुन्या मशीनवर, सर."

"नव्यावर?"

"नव्यावर दोन्ही सारखेच चालतात."

"म्हणून नाना पाहिजे," ते म्हणाले आणि नानाच्या झाकणावर थाप मारली.

त्यांचा जीव यंत्रांवर होता असं कोणी म्हणेल, पण ते अर्धंच खरं आहे. ती यंत्रं चालवणाऱ्या माणसांकडे त्यांचं जास्त लक्ष असे. एखादं काम आलं की पहिला प्रश्न, "चालवणार कोण?" हरसूलकडच्या एका दूध संकलन केंद्रासाठी आम्ही प्रोग्राम केला तेव्हा ते बसनं तिथं गेले, दिवसभर बसले आणि परत येऊन मला म्हणाले, "तिथली बाई चष्मा लावत नाही. अक्षरं दुप्पट कर." गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास डोळ्यांनी पाहिल्यावरच बसे. मशीन सुरू होताना पडद्यावर प्रोसेसरचं नाव क्षणभर येऊन जातं. ते पॉजची कळ दाबून बरोबर तिथं थांबवत आणि वहीत उतरवून घेत. एकदा माझ्या दाताच्या दुखण्यासाठी मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर माझा जबडा तपासत असताना हे बाहेर कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीला विचारत होते, "ताई, हा जरा बंद करून परत चालू करता का?" फोनवर गिऱ्हाईक 'आमच्याकडे पेन्टियम आहे' म्हणालं की सर फोन ठेवून म्हणत, "नाशिकमध्ये दुकानदार सगळ्यालाच पेन्टियम म्हणतो. उद्या पंखा विकला तरी पेन्टियमच म्हणेल."

हट्टी मात्र फार. एकदा मनासारखं झालं नाही की आठवडाभर कंपनीचा चहा बंद. घरून थर्मास आणत आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवत.

जानेवारीत मालक वैद्य साहेबांनी बैठक घेतली. साहेब चांगले गृहस्थ होते, कंपनी वाढवायची त्यांची धडपड खरी होती. द्राक्षाचा हंगाम तोंडावर होता, नवी माणसं घ्यायची होती आणि बसायला जागा नव्हती.

"मोमीन, ती सहा मशिनं काढू या. खोली मोकळी होईल."

"साहेब, ती कामाची आहेत."

"अहो, भंगार आहे ते. आता सगळ्यांकडे नवीन मशिनं आली." मग साहेब माझ्याकडे वळले. "हा नवा शिकून आलाय, याला विचारू. काय रे देविदास, लागतात का ती?"

मला आजही तो क्षण लख्ख आठवतो. साहेब मला पहिल्यांदाच नावानं हाक मारत होते. मी म्हणालो, "नाही साहेब. नव्या कंपायलरमध्ये योग्य पर्याय लावला की काम होतं. प्रोग्रामही जलद चालतो."

सर माझ्याकडे बघत राहिले. शनिवारी भद्रकालीतला भंगारवाला टेम्पो घेऊन आला. सरांनी नानाची वायर स्वतः काढली, गुंडाळली, रबर लावलं आणि त्याच्या हातात दिली. त्यानंतर टेबलावर थर्मास आला, आणि या वेळी आवाजही गेला. पंधरा दिवस ते आम्हा कोणाशी कामापलीकडे बोलले नाहीत. छपराखाली इतकी शांतता होऊ शकते हे कोणाला माहीत नव्हतं. शेवटी सिंधूताईच म्हणाल्या, "सर, भांडा तरी."

त्याच पंधरवड्यात दिंडोरीजवळच्या एका शीतगृहाचं काम माझ्याकडे आलं. मला साहेबांना गती दाखवायची होती म्हणून मी 'एम-आर्च' लावला. पर्याय मला माहीत होता, तीनदा लिहिलेला होता. तरी लावला, कारण नव्या मशीनवर प्रोग्राम झपकन चालत होता आणि तो तपासायला आता दुसरं मशीन नव्हतं. शीतगृहात फोन करून मी तिथल्या कैलासअण्णांना विचारलं, "अण्णा, कॉम्प्युटर कोणता आहे?"

"पेन्टियम हाय ना. लय भारी."

मी पत्रकावर ओळ लिहिली आणि सरांपुढे ठेवली. त्यांनी पत्रक वाचलं नाही. सही केली आणि तोंड फिरवलं.

प्रोग्राम बसवला, चालला. पाच आठवडे बिनतक्रार चालला. मार्चमध्ये एका दुपारी कैलासअण्णांचा फोन आला. माल भरताना दार उघडं राहिलं, आतली गरमी वाढत गेली, आणि घंटा वाजायच्या ऐवजी प्रोग्रामच बंद पडला. "पडद्यावर नुसती एक इंग्रजी ओळ हाय, साहेब. मी क्रेटला हात लावला म्हणून कळलं. द्राक्षांना घाम सुटलाय."

सर स्कूटर काढून आले. "बस मागं." एवढंच. दिंडोरीला पोचल्यावर त्यांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, पॉज दाबलं आणि बाजूला सरकले, मला वाचता यावं म्हणून. प्रोसेसर पेन्टियमच्या काळातलाच, पण दुसऱ्या कुळातला, स्वस्तातला. मी वापरलेल्या नव्या आज्ञांपैकी एक त्याला कळतच नव्हती. ती आज्ञा कुठे होती? तापमान मर्यादेबाहेर गेलं की दोन नोंदींतलं जास्त कोणतं ते निवडण्याच्या जागी. म्हणजे घंटा वाजवायच्या वेळीच तिथं पोचायचं होतं. पाच आठवडे गरजच पडली नव्हती, म्हणून सगळं सुरळीत होतं.

शेतकऱ्यांच्या पेट्या उतरवल्या जाताना मी पाहिल्या. दोन थर परदेशी जायच्या मालातून बाजूला काढले गेले. एक म्हातारे गृहस्थ द्राक्षाचा घड उजेडात धरून त्यावरचं पाणी बघत होते.

सरांनी ऑफिसला परत नेऊन प्रोग्राम पुन्हा तयार करायला मला बसवलं. या वेळी पर्याय मी लिहिला, त्यांनी वाचला. संध्याकाळी फ्लॉपी घेऊन पुन्हा दिंडोरी. कैलासअण्णांनी तापमान मोजणारी काडी मुठीत दाबून धरली, गरम होईस्तोवर. आम्ही तिघं पडद्याकडे बघत उभे. घंटा वाजली तेव्हा अण्णा म्हणाले, "वाजली बुवा! आता सोडू का? हात भाजला नाय, पण घाबरून घाम सुटलाय." सर हसले. महिन्या-दीड महिन्यानं पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं. साहेबांनी पत्रक पुढे केलं.

"सही कोणाची?"

"माझी," सर म्हणाले.

"म्हणजे तुम्ही तपासलं होतं."

"नाही. सही केली. तपासलं नाही."

साहेबांनी पत्रक घडी करून बाजूला ठेवलं. "मोमीन, तुमचं आता लक्ष लागत नाही. यापुढे पत्रकावर देविदास सही करेल."

पत्रकावरचं अक्षर माझं होतं. सरांनी ते ओळखलं होतं, साहेबांनी ओळखलं नाही. मी लादीकडे बघत होतो. उमेदवारीचं वर्ष संपायला दोन महिने होते. मी काही बोललो नाही.

बाहेर आल्यावर जिन्याखाली मी त्यांना गाठलं. "सर, मी आत..."

त्यांनी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हळू बोलताना ऐकलं. "हे बघ देवा. मी रागात होतो आणि न वाचता सही केली. ती माझी चूक आहे, तिचं मी बघितलं. तुझी वेगळी आहे. ती तू बघ."

त्यानंतर त्यांनी ही गोष्ट कधीच काढली नाही. उलट पूर्वीपेक्षा जास्त शिकवलं. आवाजही परत आला. जूनमध्ये मी कायम झालो तेव्हा सगळ्या कंपनीला पेढे त्यांनी वाटले. ईदला मालेगावला घरी नेलं. मागांच्या खडखडाटात त्यांचे वडील मला काहीतरी विचारत होते आणि मला ओठ हललेलेच दिसत होते. सर मध्ये उभे राहून दोन्हीकडे ओरडून सांगत होते, "अब्बा, याला शीरखुर्मा आणखी हवाय!" मी असं काही म्हटलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी अब्बांना अर्धांगवायू झाला आणि सरांनी नोकरी सोडली. मालेगावात एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायचं ठरलं. मी त्यांना बसवर सोडायला गेलो. एसटीत खिडकीशी बसून ते शेजारच्या माणसाशी, तो माणूस अगदी त्यांना चिकटून बसलेला असताना, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलत होते. गाडी सुरू झाली. मी खिडकीच्या खाली चालत होतो, तोंडाशी आलेलं बोलायचं होतं. त्यांनी कानाला हात लावून 'काय?' विचारलं. "काही नाही सर," मी म्हणालो. गाडी वळली. मला त्यांचा कानाला लावलेला हात शेवटपर्यंत दिसत होता.

त्यानंतर सहा वर्षांनी मी त्यांना हे पत्र पाठवलं. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे, ती इथे तशीच देतो.

आदरणीय मोमीन सर,
सप्रेम नमस्कार.

काल मी वैद्य साहेबांच्या घरी गेलो होतो. त्यांनी कंपनी मुलाकडे सोपवली आहे. मी त्यांना दिंडोरीच्या पत्रकाबद्दल सगळं सांगितलं. अक्षर माझं होतं, पर्याय माझा होता, प्रोसेसर कोणता हे मी जाऊन पाहिलं नव्हतं, आणि तुम्ही माझ्या शेजारी बसलेले असताना मी गप्प राहिलो. त्याआधी तुमची मशिनं लागत नाहीत असं मीच म्हणालो होतो, हे त्यांना आठवत होतं. ते त्यांना नव्यानं सांगावं लागलं नाही.

साहेब म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटत होतं की मोमीनचं वय झालं." सर, हे वाक्य ऐकल्यापासून मला बसवत नाही. तुमच्याबद्दल असं वाटून घेणारा एक माणूस नाशिकमध्ये सात वर्षं होता, आणि ते माझ्यामुळे. साहेबांनी तुमचा पत्ता लिहून घेतला आहे. ते पत्र लिहितील.

मी तुम्हाला आधी लिहून मग साहेबांकडे जाणार होतो. तसं दोनदा लिहून फाडलं. तुम्ही वाचून 'राहू दे' म्हणाला असतात आणि मला तेच हवं होतं, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून आधी तिकडे गेलो.

माझं लग्न झालं, मुलगी तीन वर्षांची आहे. वडील आता बाजारात जात नाहीत, घरी असतात. मी काय करतो हे ते आल्यागेल्याला सांगतात, आणि बरंचसं बरोबर सांगतात. हे सगळं त्या दिवशी तुम्ही केबिनमध्ये माझं नाव घेतलं नाही त्यामुळे आहे. त्याबद्दल आभार मानायची मला लाज वाटते, पण मानतो.

उत्तराची घाई नाही. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी मालेगावला येतो आहे. घरी असाल तर भेटा. भेटायचं नसेल तर तसं दारातूनच सांगा, मी ऐकून परत जाईन. पण या वेळी तुम्ही 'काय?' विचारलंत तर 'काही नाही' म्हणणार नाही.

आपला,
देविदास